काळे पट्टे गेले, पण डोकीही गेली: जुन्या मालिकांचे नवे डिस्क-संच

माजघर_वेंगुर्ला

नमस्कार मंडळी. वेंगुर्ल्याजवळच्या एका वाचनालयासाठी विचारतेय. महिन्यातून दोन संध्याकाळी सभासदांना जुन्या मालिका दाखवायच्या ठरल्या आहेत. सामान असं: १६:९ चा फुल एचडी प्रोजेक्टर (टेबलावर, पडद्यापासून १२ फुटांवर), ८ फूट रुंद आणि ६ फूट उंच पडदा, एचडीएमआयचा साधा डीव्हीडी प्लेअर, एक ब्लू-रे प्लेअर आणि लॅपटॉप.

तीन संच आहेत, तिन्हींची तऱ्हा वेगळी. पहिला म्हणजे दूरदर्शनच्या काळातली एक मराठी मालिका, अलीकडे पुन्हा काढलेली डीव्हीडी. चित्र पडदाभर येतं, पण सगळी माणसं बुटकी आणि रुंद दिसतात. दुसरा नव्वदच्या दशकातल्या एका इंग्रजी मालिकेचा: जुन्या डीव्हीडीवर दोन्ही बाजूंना काळे पट्टे, नव्या ब्लू-रेवर पट्टे नाहीत. कार्यकारिणीचं म्हणणं, पट्टे नसलेलाच दाखवा, लोकांना वाटतं चित्र कमी आलं. तिसरा संच एका माहितीपर मालिकेचा. त्यात माणसं जाडी नाहीत, पण तळाशी येणारी नावं अर्धी कापली जातात.

यातलं काय प्लेअरच्या सेटिंगनं सुटेल आणि काय डिस्कवरच बिघडलेलं आहे, हे ओळखायचं कसं? आणि पुढची खरेदी करताना बॉक्सवर काय वाचायचं?

---

रेषा_५७६

पट्टे आहेत की नाहीत यावरून काहीच ठरत नाही. दोन प्रश्न विचारायचे: मालिका कशावर चित्रित झाली होती, आणि नव्या आवृत्तीत तिच्या चौकटीचं नेमकं काय केलं.

आधी साधा हिशेब. जुन्या टीव्हीची चौकट ४:३, आजची १६:९. ४:३ चं चित्र १६:९ मध्ये पट्ट्यांशिवाय बसवायचं तर तीनच वाटा आहेत. ताणायचं, म्हणजे सगळं ३३ टक्के रुंद होतं. वरखाली कापायचं, म्हणजे उंचीतलं बरोबर २५ टक्के चित्र जातं. किंवा मुळात बाजूला जास्तीचं चित्र असेल तर ते उघडायचं. चौथी वाट म्हणून काही जण १४:९ ची तडजोड करतात: वरखाली १४ टक्के कापायचं आणि बाजूला बारीक पट्टे ठेवायचे. ब्रिटिश वाहिन्यांनी नव्वदच्या दशकाच्या शेवटी ती बरीच वापरली.

तुमचा पहिला संच ताणलेला दिसतो. खात्री करायची तर पट्टी घ्या. चित्रात गोल असलेली वस्तू शोधा: समोरून दिसणारं भिंतीवरचं घड्याळ, परात, जात्याची पाळ, नायिकेच्या कपाळावरची ठसठशीत टिकली. चित्र थांबवून पडद्यावरच रुंदी आणि उंची मोजा. भागाकार १ च्या आसपास आला तर ताण नाही. १.३३ आला तर पूर्ण ताणलेलं. १.१४ च्या जवळ आला तर १४:९ चं चित्र ताणलंय. चेहरा मोजू नका, चेहऱ्यात नजर फसते. आणि मोजण्याआधी प्रोजेक्टरचं कीस्टोन (तिरक्या झोताचं चित्र चौकोनी करणारी सोय) शून्यावर आणा. टेबलावरून तिरका मारा असेल तर कीस्टोनमुळेच गोलाचा अंडाकार होतो आणि दोष डिस्कच्या माथी जातो.

मग लॅपटॉपवर डिस्क घालून मीडियाइन्फो या फुकट प्रोग्रॅममध्ये मुख्य फाइल उघडा. भारतातली (पाल) डीव्हीडी असेल तर ७२० गुणिले ५७६ दिसेल, अमेरिकन असेल तर ७२० गुणिले ४८०. हे आकडे ४:३ आणि १६:९ दोन्हींसाठी सारखेच असतात. फरक फक्त एका खुणेचा: चित्र कुठल्या आकारात पसरायचं हे सांगणारा झेंडा डिस्कवर वेगळा लिहिलेला असतो, तो 'डिस्प्ले अस्पेक्ट रेशो' म्हणून दिसतो. झेंडा १६:९ आणि टिकली १.३३ असेल, तर बहुतेक वेळा डिस्क तयार करणाऱ्यानं ४:३ च्या चित्रावर चुकीचा झेंडा लावलाय. यात सुख एवढंच की चित्रातलं काहीही गेलेलं नाही, ५७६ च्या ५७६ ओळी जागेवर आहेत. व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअर प्रोग्रॅममध्ये 'ए' ची कळ दाबत राहा, ४:३ दिसलं की थांबा. टिकली गोल झाली की काम झालं. तेव्हा दोन्ही कडांना आठ-आठ ठिपक्यांच्या बारीक काळ्या रेघा दिसतील, त्या मूळच्याच आहेत. त्या घालवायला झूम करू नका.

मीडियाइन्फोचा हा उपाय ब्लू-रेला लावू नका. पूर्ण एचडी ब्लू-रेवर ४:३ चा झेंडाच नसतो. ४:३ ची मालिका १४४० गुणिले १०८० मध्ये बसवून दोन्ही बाजूंना २४० ठिपक्यांचे काळे पट्टे चित्रातच छापलेले असतात, म्हणून प्रोग्रॅम १६:९ च सांगणार. तिथे डोळ्यांनीच बघायचं.

---

तिठ्यावरचो

ताई, काळे पट्टे बघून लोक बोंबलतले, ता चलात. पण राजाचो मुकुट कापलेलो दशावतार कोण बघतलो? जुन्या दशावताराच्या व्हीएचएस टेपी डिजिटल करून देतत, थयसर पण ह्योच घोळ. टेप ४:३ मध्येच उतरवून घेवची आणि 'फिल' म्हणान जो पर्याय येता तो बंद ठेवचो.

---

खाडीपलीकडे

रेषांनी डिस्कचं सांगितलं, मी यंत्रांचं सांगतो. निम्मा घोळ तिथेच असतो.

डीव्हीडी प्लेअरमधली डिस्क काढा आणि मग सेटअप उघडा; डिस्क चालू असताना बरेच प्लेअर हा पर्याय बदलू देत नाहीत. 'टीव्ही डिस्प्ले' किंवा 'टीव्ही टाइप' खाली सहसा तीन पर्याय असतात: ४:३ पॅन-स्कॅन, ४:३ लेटरबॉक्स, १६:९. पहिले दोन जुन्या डबा टीव्हीसाठी. तुमच्याकडे १६:९ च पाहिजे. काही प्लेअरमध्ये १६:९ चेही दोन प्रकार असतात, एक 'वाइड' आणि एक 'पिलरबॉक्स' (बाजूला काळे पट्टे ठेवणारा) किंवा 'स्क्वीझ'. 'वाइड'वर तो प्लेअर ४:३ ची डिस्कसुद्धा ताणून पाठवतो. पिलरबॉक्स निवडा.

प्लेअरमध्ये पिलरबॉक्स नसेल, किंवा तुमच्या मराठी संचासारखा झेंडाच चुकीचा असेल, तर एचडीएमआयचं रिझोल्यूशन १०८० वरून ५७६पी वर आणा. कारण असं: १०८० चा सिग्नल आला की पुष्कळ प्रोजेक्टर आणि टीव्ही आकार बदलायचा पर्याय अडवून ठेवतात, तो १६:९ च आहे असं धरून चालतात. ५७६पी आला की प्रोजेक्टरच्या मेनूतला ४:३ चा पर्याय जिवंत होतो. चित्र त्यानं मऊ पडेल अशी भीती नको, डिस्कवर तेवढ्याच ओळी आहेत. मोठं करण्याचं काम प्लेअरऐवजी प्रोजेक्टर करेल, एवढंच.

तिसऱ्या संचाची नावं कापली जातात ते आधी इथे तपासा. प्रोजेक्टरच्या मेनूत 'ओव्हरस्कॅन' (चित्राच्या कडा कापून उरलेलं मोठं करणं) शून्य करा, आकार 'ऑटो' किंवा 'नॉर्मल'वर ठेवा, 'झूम' आणि 'सिनेमा झूम' बंद. टीव्हीवर याच गोष्टीला 'जस्ट स्कॅन', 'स्क्रीन फिट' अशी नावं असतात. त्यानंतरही नावं अर्धीच दिसली तर लॅपटॉपवर बघा. तिथेही अर्धी असतील तर डिस्कच कापलेली. सबटायटल मात्र यात धरू नका. ती डीव्हीडीवर वेगळ्या थरात असतात, त्यामुळे कापलेल्या आवृत्तीतही ती पूर्ण दिसतात आणि माणूस फसतो. चित्रातच उमटलेली अक्षरं बघायची.

आता पडद्याचं. तुमचा पडदा ८ बाय ६, म्हणजे मुळात ४:३ चाच आहे! १२ फुटांवरून तुम्ही १६:९ चा झोत ८ फूट रुंद पाडताय, म्हणजे उंची साडेचार फूट. त्यात ४:३ चं चित्र बसवलं की ते ६ बाय साडेचार होतं, २७ चौरस फूट. लोकांना चित्र कमी वाटतं ते यामुळे, आणि त्यांचं खरंच आहे.

प्रोजेक्टर १६ फुटांवर न्या. झोत १० फूट ८ इंच रुंद आणि ६ फूट उंच होईल, ४:३ चं चित्र बरोबर ८ बाय ६ मध्ये बसेल, ४८ चौरस फूट. बाजूचे काळे पट्टे प्रत्येकी १६ इंच पडद्याबाहेर भिंतीवर पडतील. प्रोजेक्टरचा काळा पूर्ण काळा नसतो, करडा उजेड दिसतो, म्हणून पडद्याच्या दोन्ही बाजूंना दीड-दीड फुटाचं काळं कापड सोडा, चमक नसलेलं. प्रखरता प्रति चौरस फूट ५६ टक्क्यांवर येईल, तेव्हा खिडक्या झाकाव्या लागतील आणि दिव्याचा इको मोड बंद करावा लागेल. १६ फूट जागा नसेल तर आधी प्रोजेक्टरची झूम रिंग फिरवून बघा, तिच्यात थोडी सवलत असते.

आणि एक, विषयाबाहेरचं. डिस्कवर घरगुती वापरासाठी असं छापलेलं असतं. वाचनालयाच्या सभागृहात दाखवायचं तर हक्क ज्यांच्याकडे आहेत त्यांची लेखी परवानगी मागवून ठेवा, तिकीट नसलं तरी.

---

काजूगर

खरेदीचं मी सांगतो. नियम सोपा आहे: टेपवर चित्रित झालेली मालिका असेल तर ४:३ च घ्या, फिल्मवरची असेल तर रुंद आवृत्ती बिनधास्त घ्या, कारण फिल्मवर बाजूला जास्तीचं चित्र असतंच.

टेपवरच्या म्हणजे आपल्याकडच्या त्या काळातल्या स्टुडिओतल्या बऱ्याच मालिका, तसंच 'येस मिनिस्टर'सारख्या बीबीसीच्या स्टुडिओ मालिका. टेपवर ५७६ ओळींच्या पलीकडे काही नव्हतंच, त्यामुळे तिथे रुंद म्हणजे कापलेलं किंवा ताणलेलं, तिसरं काही नाही.

बॉक्सवर 'फुल फ्रेम', '१.३३:१' किंवा 'मूळ गुणोत्तर' असं असेल तर उत्तम. 'फुल स्क्रीन' या शब्दाची गंमत बघा: सिनेमाच्या डीव्हीडीवर तो धोक्याचा, कारण रुंद सिनेमा टीव्हीसाठी कापलेला असतो, जुन्या मालिकेवर तोच शब्द चांगला. 'वाइडस्क्रीनमध्ये प्रथमच' असं ठळक छापलं असेल तर मालिकेचं वर्ष बघा. १९९५ च्या आधीचं असेल तर पाठ फिरवा.

रीजनचं, म्हणजे डिस्क कुठल्या भागातल्या प्लेअरवर चालेल त्या खुणेचं, विसरू नका. भारत डीव्हीडीला ५, ब्लू-रेला सी. अमेरिकन डीव्हीडी १ आणि ब्लू-रे ए, ब्रिटिश डीव्हीडी २ आणि ब्लू-रे बी. फोर-के डिस्कला रीजन नसतो, पण त्याच बॉक्समधल्या साध्या ब्लू-रेला असू शकतो.

---

रेषा_५७६

काजूगर, टेपचा नियम बरोबर, फिल्मचा नाही. "असतंच" हा शब्द मागे घ्या.

३५ मिमी फिल्मवर छिद्रांच्या मधली पूर्ण जागा साधारण २४.९ बाय १८.७ मिमी. जुनी अकादमी चौकट (बोलपटांसाठी ठरलेली) २२ बाय १६, कारण डावीकडची पट्टी ध्वनीसाठी राखलेली. नव्या आवृत्तीसाठी पूर्ण रुंदी वापरली तरी १६:९ ला २४.९ मिमी रुंदीवर उंची फक्त १४ मिमी मिळते. म्हणजे अकादमीच्या हिशेबानं बाजूला १३ टक्के मिळवलं आणि उंचीत साडेबारा टक्के घालवलं. फिल्मवरच्या बहुतेक रुंद आवृत्त्या अशा मिश्र असतात: थोडं उघडलेलं, थोडं कापलेलं. त्यात मूळ चौकट मध्यापासून सरकलेली असेल तर वाढलेलं चित्र एकाच बाजूला जास्त दिसतं आणि मधोमध बसलेला माणूस कडेला गेलेला वाटतो.

दुसरी अडचण, त्या जास्तीच्या जागेत काय आहे? छायाचित्रकारानं ४:३ धरून चौकट लावली, बाकीची जागा कुणी बघणार नाही या भरवशावर. तिथे दिव्याचं स्टँड, सेटची कड, वाट बघत उभा असलेला नट, काहीही असू शकतं. 'बफी द व्हॅम्पायर स्लेयर'ची २०१४ मध्ये टीव्हीसाठी एचडी आवृत्ती केली तेव्हा हेच झालं, कॅमेऱ्यामागची माणसं चौकटीत आली.

तिसरी अडचण सगळ्यांत मोठी. चित्रीकरण फिल्मवर झालं तरी त्या काळात संकलन, अक्षरं आणि विशेष दृश्यं टेपवर पूर्ण करत. फिल्मच्या निगेटिव्हवर ती नसतात. एचडीसाठी निगेटिव्ह पुन्हा स्कॅन करून सगळं नव्यानं जोडावं लागतं, आणि विशेष दृश्यं एकतर पुन्हा बनवायची नाहीतर टेपवरचीच मोठी करायची. 'स्टार ट्रेक: द नेक्स्ट जनरेशन'च्या २०१२ ते २०१४ च्या ब्लू-रेसाठी ती नव्यानं जोडली, आणि मुद्दाम ४:३ च ठेवली. 'बॅबिलॉन ५' मध्ये नटांची दृश्यं रुंद चौकटीचा विचार करून घेतलेली, पण संगणकीय दृश्यं ४:३ टेपवर. तिच्या जुन्या रुंद डीव्हीडीत नट आणि संगणकीय चित्र एकत्र आलं की ते दृश्य वरखाली कापून फुगवलेलं आहे. एक वाक्य स्वच्छ, पुढचं धुरकट, मग पुन्हा स्वच्छ. २०२३ च्या ब्लू-रेवर ती अख्खी मालिका ४:३ मध्ये आली. म्हणजे रुंद करून बघितलं आणि परत फिरले.

---

काजूगर

मान्य, शब्द मागे. मग नेमके संचच सांगतो, म्हणजे ताईंना उपयोग.

'साइनफेल्ड': २०२४ चा फोर-के संच १६:९, त्याच वेळी आलेला ब्लू-रे ४:३. तेव्हा महाग तो चांगला, असं समजू नका. रुंद आवृत्तीत वरखाली कापल्यानं एका भागात रस्त्यातल्या खड्ड्यावर विनोद चालू असतो आणि खड्डाच चौकटीबाहेर. 'फ्रेंड्स': २०१२ चा ब्लू-रे १६:९, जुन्या डीव्हीडी ४:३. 'द वायर': २०१५ चा ब्लू-रे १६:९, डीव्हीडी ४:३. हिच्या निर्मात्यानं, डेव्हिड सायमननं, स्वतःच लिहिलं होतं की काही दृश्यं रुंद चौकटीत सुधारली आणि काहींचं नुकसान झालं. 'द एक्स-फाइल्स': २०१५ चा ब्लू-रे सगळा १६:९, पण पाचव्या हंगामापासून चित्रीकरणच रुंद चौकट लक्षात घेऊन झालं, त्यामुळे पुढचे हंगाम रुंदच बघावेत, वाद पहिल्या चारांचा. 'ट्विन पीक्स' २०१४ चा ब्लू-रे ४:३, निर्धास्त घ्या.

एकाच मालिकेचे संचही सारखे असतील असं नाही. 'कुंग फू'चा पहिला हंगाम २००४ मध्ये डीव्हीडीवर कापून १६:९ मध्ये आला, पुढचे दोन ४:३ मध्ये. आणि ताईंचा तिसरा संच माहितीपर आहे म्हणून सांगतो: 'द वर्ल्ड ॲट वॉर'चा २०१० चा ब्लू-रे कापलेला आहे. ती मालिका मुख्यतः युद्धकाळातल्या जुन्या फिल्मवर उभी, आणि त्या फिल्मच्याच उंचीतला पाव हिस्सा गेला.

---

माजघर_वेंगुर्ला

मोजलं. पहिल्या संचात टिकली रुंदीला ४० मिमी, उंचीला ३०. मीडियाइन्फोत ७२० गुणिले ५७६, झेंडा १६:९. व्हीएलसीत ४:३ केल्यावर गोल झाली. देव बरें करो!

तिसऱ्या संचात ओव्हरस्कॅन शून्य करूनही नावं अर्धीच, लॅपटॉपवरही तीच गत. म्हणजे कापलेलीच ना? आणि नावंच का कापली गेली, बाकी चित्र तर बरं वाटतं?

दुसऱ्या संचात जुनं आणि नवं एकच दृश्य थांबवून बघितलं. नव्यात उजवीकडे दार जास्त दिसतं, डावीकडे फारसा फरक नाही, पण वरचा पंखा गेलाय. कार्यकारिणीला काय सांगू?

---

रेषा_५७६

तिसऱ्याचं कारण आकड्यांत आहे. जुन्या टीव्हीची काच कडा खात असे, म्हणून अक्षरं मधल्या ८० टक्के भागात ठेवायचा दंडक होता, म्हणजे वर १० आणि खाली १० टक्के मोकळी. १६:९ साठी मधोमध कापलं की वर साडेबारा आणि खाली साडेबारा टक्के जातं. दंडक तंतोतंत पाळून अगदी कडेवर बसवलेली नावं अडीच टक्क्यांनी मारली जातात. नीट काम करणारे दृश्यागणिक चौकट वरखाली सरकवतात: नावं आली की खाली, चेहरा आला की वर. तुमच्या डिस्कवर सरसकट मधोमध कात्री फिरवलेली दिसते. यावर सेटिंगचा इलाज नाही, गेलेलं डिस्कवर नाहीच. बदलून मिळत असेल तर द्या. दुकानदाराला नावांच्या जागी थांबवलेल्या चित्राचा फोटो दाखवा, 'चित्र बरं नाही' एवढ्यावर कुणी बदलून देत नाही. नंतर जुनी आवृत्ती शोधा.

बाकी चित्र बरं वाटतं ते अजून काही वेळच. गर्दीची दृश्यं बघा, माणसं हलतात तिथे. टेपवरच्या चित्रात एक आड एक ओळी वेगवेगळ्या क्षणांच्या असतात. ५७६ मधल्या ४३२ ओळी उरवून त्याच पुन्हा ५७६ वर ताणल्या, आणि त्याआधी ओळी नीट सोडवल्या नाहीत, तर हलणाऱ्या हातांना कंगव्यासारखे दाते येतात आणि ते डीइंटरलेसनंही (एक आड एक ओळी वेगळ्या करून जोडण्याच्या सोयीनंही) जात नाहीत. मराठी संचाला दाते दिसले तर मात्र घाबरू नका. तो कापलेला नाही, व्हीएलसीत डीइंटरलेस चालू करून 'याडिफ टू एक्स' निवडा, जातील.

दुसरा संच: दार एका बाजूलाच वाढलं आणि पंखा गेला, म्हणजे वर सांगितलेला मिश्र प्रकार, मालिका फिल्मवरची. असा संच सरसकट टाकाऊ नसतो. विनोदी मालिकेत हातातली वस्तू, पायाखालची वस्तू, दारातून डोकावणारं डोकं यांवर हशा असतो, तिथे उंची महत्त्वाची. गप्पांच्या दृश्यांत फारसं बिघडत नाही, आणि ब्लू-रेचा रेखीवपणा खरा आहे, डीव्हीडीत तो नाही. माझं मत विचाराल तर, त्याच मालिकेचा ४:३ ब्लू-रे निघालेला असेल तर तो, नसेल तर जुनी डीव्हीडी. कार्यकारिणीला सांगू नका, दाखवा. पंख्याचं दृश्य जुन्यातलं आणि नव्यातलं पाठोपाठ लावा, पण खाडीपलीकडेंनी सांगितल्याप्रमाणे प्रोजेक्टर मागे नेऊन. ६ बाय साडेचारचं चित्र दाखवून हा वाद जिंकता येणार नाही.

---

माजघर_वेंगुर्ला

एकाच कार्यक्रमात ४:३ आणि १६:९ दोन्ही दाखवायचं झालं तर? प्रोजेक्टर दरवेळी हलवायचा?

---

खाडीपलीकडे

टेबल हलवू नका. १६ फुटांवर लावलेल्या प्रोजेक्टरची झूम रिंग १.३ पटीची असेल तर तिथूनच झोत आक्रसून ८ फूट रुंदीच्या जवळ येतो, दोन-अडीच इंच जास्त. दोन्ही स्थिती रिंगवर खडूनं आखून ठेवा. रिंग १.२ पटीची किंवा त्याहून कमी असेल तर टेबलाच्या दोन जागा जमिनीवर आखाव्या लागतील, आणि हलवल्यावर फोकस दरवेळी नव्यानं लावायचा. मध्यंतर न करता लगेच बदलायचं असेल तर १६:९ चा भाग शेवटी ठेवा.

बाजूचं काळं कापड जांभ्याच्या भिंतीला थेट ठोकू नका, पावसात भिंत ओल धरते आणि कापडाला बुरशी येते. वर दांडी बांधून चार बोटं सुटं सोडा. डिस्कचं तेच, कपाट भिंतीपासून दूर आणि आत सिलिका जेलच्या पुड्या. पुसायची झाली तर मऊ सुती कापडानं मधून बाहेर सरळ रेषेत पुसा, गोल नाही.